दारावरची जागा

“रिबन मिळाली म्हणायची एकदाची,” नेवेनाबाई जिन्यात म्हणाल्या आणि भाजलेल्या मिरच्यांची बादली या हातातून त्या हातात घेऊन वर चढू लागल्या. मेतोदी त्सेकोव कठड्याला अंग चोरून उभा होता. बादलीतून येणारी जळक्या सालींची वाफ त्याच्या नाकातोंडात गेली. कसली रिबन, असे विचारायला त्याने तोंड उघडले, पण तोवर त्या दुसऱ्या मजल्यावर पोचल्या होत्या आणि त्यांचे दार लागले. आपटले नाही. नेवेनाबाई दार कधी आपटत नसत. कडी नीट बसेपर्यंत हळूहळू लावत, आणि तो बारीक खट आवाज मेतोदीला आपटण्यापेक्षा जास्त लागे. सहा महिन्यांत त्या त्याच्याशी बोललेले हे पहिले वाक्य. एकाहत्तर वर्षांच्या माणसाला शेजारणीच्या एका वाक्याने धडधडावे याची त्याला लाज वाटली, आणि लाज वाटली की नेहमी होते तेच झाले, कानाच्या पाळ्या तापल्या. तो तसाच पाव आणायला खाली उतरला आणि इमारतीच्या दाराशी येऊन थांबला.

दाराचे डावे पान कायम बंद असे. कागद त्याच पानावर लागत. कोणी गेले की काळ्या चौकटीतला फोटो आणि चार ओळी; मग चाळीस दिवसांचा कागद, सहा महिन्यांचा, वर्षाचा, आणि घरच्यांना उरक असेल तर पुढे दहा वर्षांचासुद्धा. सोफियातल्या कुठल्याही दारासारखे हे दारही थरांनी जाड झालेले. डोळ्यांच्या उंचीवर चांगली जागा एकच, आणि तिथे मेतोदीची कालची, टाइप केलेली नोटीस होती. ‘सर्व भाडेकरूंना विनंती. भाडेकरू संघ स्थापन करण्यासाठी गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता माळ्यावरच्या वाळवणाच्या खोलीत जमावे. आपापली खुर्ची आणावी.’ नोटिशीच्या खालून एक हनुवटी बाहेर आली होती. हनुवटी, टायची गाठ, आणि दोन्ही बाजूंना बोटभर काळी पट्टी. ग्रोझ्दान बेल्चेवचा सहा महिन्यांचा कागद. नेवेनाबाईंनी तो काल दुपारीच लावला असणार, आणि मेतोदीने त्यांच्या नवऱ्याच्या नाकाडोळ्यांवर मैद्याची खळ थापून भाडेकरू संघ चिकटवला होता. रिबन कसली, तेही आता त्याला कळले.

आपण पाहिले नाही, हे त्याने लगेच मनाशी ठरवून टाकले. संध्याकाळ झाली होती, दाराजवळचा दिवा महिनाभर बंद आहे, आणि कागद लावताना आपल्याला कोणी पाहू नये म्हणून आपण घाईत होतो. हे सगळे खरे होते. छापखान्यात तीस वर्षे मुद्रिते तपासलेल्या माणसाला खऱ्या गोष्टी एकाखाली एक मांडता येतात. पण तळहाताचे काय करायचे? कागद दाबताना तळहाताला एक कड लागली होती, खालच्या कागदाची, आणि तळहात तिच्यावरून पुन्हा एकदा फिरला होता, जरा जोरात. वर जाऊन हात धुताना आपण शीळ घालत होतो, हेही त्याला आता आठवले. तो कधी शीळ घालत नसे.

“काका, कमाल केलीत हां!” मागून आवाज आला. तळमजल्यावरचा झाप्रियान, ट्राम चालवणारा, पाळीवरून परत येत होता. “मेलेल्याचं तोंड बंद केलंत. जिवंतपणी त्याचं तोंड कोणाला बंद करता आलं नव्हतं.”

“मला दिसलं नाही रे.”

“एवढा जाड चष्मा लावून?”

“काढतो मी,” मेतोदी म्हणाला आणि त्याने नखाने नोटिशीचा कोपरा धरला. खळ वाळून दगड झाली होती. त्याने हलके ओढले, मग जरा कमी हलके, आणि कागद टरकन निघाला तो खालच्यासकट. ग्रोझ्दानच्या कपाळाचा एक पट्टा आणि उजवा डोळा नोटिशीच्या पाठीला चिकटून आला. दारावर उरला तो एका डोळ्याचा ग्रोझ्दान.

“आता डोळाही काढलात,” झाप्रियान म्हणाला, आणि हसता हसता थांबला, कारण जिन्यावर कापकाबाई उभ्या होत्या. कापकाबाई चौथ्या मजल्यावर राहत. आयुष्यभर औषधांच्या दुकानात उभ्या राहिल्यामुळे समोर येईल त्याला काय झाले आहे, ते न विचारता सांगायची त्यांना सवय होती.

“मेतोदी, चौदा घरं आहेत,” त्या म्हणाल्या. “सात सह्या आपल्याकडे. सहा जण त्या वकिलाच्या खिशात जाऊन बसलेत. राहिलं कोण? बोला की. राहिलं कोण?”

डोळा असलेला कागद घडी करून मेतोदीने कोटाच्या खिशात घातला. कुठे टाकावा ते सुचेना.

सरकारजमा झालेली ही इमारत दोन वर्षांपूर्वी मूळ मालकाच्या नातवाला परत मिळाली होती. नातू व्हिएन्नात होता; त्याला कोणी पाहिले नव्हते. त्याच्या वकिलाचे पत्र मात्र प्रत्येकाला आले होते. मार्चअखेर भाडेकरार संपतात. निम्म्याहून अधिक घरांचा संघ शुक्रवारपर्यंत उभा राहिला तर वकील संघाशी बोलेल, नाही तर एकेकाशी वेगवेगळे बोलेल. एकेकाशी म्हणजे काय, ते मेतोदीला ठाऊक होते. त्याच्याशी कोणी एकटे बोलले की तो हो म्हणत असे. शहराबाहेरच्या वसाहतीत त्याच्या भाचीचे दोन खोल्यांचे घर होते. तिने न्हाणीघराशेजारचा कोपरा दाखवला होता. “मामा, पुस्तकं मात्र नको हं,” असे ती प्रेमाने म्हणाली होती. त्या प्रेमाची त्याला वकिलापेक्षा जास्त भीती वाटे. संघाची कल्पनाही त्याचीच. जिन्यात कोणी तरी रडकुंडीला येऊन बोलत होते, तेव्हा त्याच्या तोंडून ती निघून गेली, आणि झाप्रियानने ती मोठ्याने पुन्हा म्हटली. तेव्हापासून लोक त्याच्याकडे पाहू लागले होते, आणि आपण फसवणूक करतो आहोत असे त्याला सारखे वाटत होते.

पाव न आणताच तो वर आला. टेबलावर टाइपरायटर उघडाच होता. या इमारतीत कोणीही वारले की घरच्यांच्या कागदाशेजारी शेजाऱ्यांचा एक कागद लागे, आणि तो चाळीस वर्षे मेतोदीच लिहीत आला होता. कोणी नेमले नव्हते. एकदा लिहिला, मग पुन्हा सांगितले, मग सांगणेही बंद झाले. माणूस गेला की वरून टकटक ऐकू येणार हे लोकांनी धरून ठेवले. तळघरात राहणाऱ्या दारुड्या कोळसेवाल्यासाठीसुद्धा त्याने चार ओळी लिहिल्या होत्या, आणि त्या वाचून कापकाबाई दारातच रडल्या होत्या. मार्चमध्ये ग्रोझ्दान बेल्चेव गेला. दुसऱ्या दिवशी नेवेनाबाई तिसऱ्या मजल्यावर आल्या, उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “त्सेकोव, तुम्ही लिहिता ना ते.” तो म्हणाला, “रिबन संपली आहे.” मशीन त्यांना दारातून दिसत होते. त्यांनी मशीनकडे पाहिले, त्याच्याकडे पाहिले आणि त्या खाली गेल्या. शेजाऱ्यांचा कागद लागला नाही. दुसऱ्या कोणीही लिहिला नाही. प्रत्येकाला वाटले, मेतोदीने नाही लिहिला म्हणजे तसेच ठरले असेल. चाळीसाव्या दिवशी त्या उकडलेल्या गव्हाचे पेले घेऊन घरोघर फिरल्या. पेला घ्यायचा आणि ‘देव त्याला क्षमा करो’ एवढे म्हणायचे; त्याला पैसा लागत नाही, अक्कल लागत नाही. मेतोदी दाराच्या आतल्या बाजूला श्वास धरून उभा राहिला. त्यांनी तीनदा वाजवले. मग पेल्यावर बशी ठेवल्याचा आवाज, मग पावले. गहू बाहेर दोन दिवस तसाच होता. नंतर तो दिसेनासा झाला.

ग्रोझ्दानवर राग होता, हे सगळ्यांना ठाऊक होते आणि का होता तेही सगळ्यांना ठाऊक होते, निदान त्यांना तसे वाटे. ग्रोझ्दान इमारतीचा कारभारी होता आणि इमारतीची वही त्याच्याकडे असे. कोण आले, कोणाकडे आले, किती राहिले. महिन्याच्या महिन्याला ती पोलिसांकडे जाई. सगळेच त्या वहीत होते. कापकाबाईंचा एक मित्र तर तिच्यात अकरा वेळा होता, तेही त्याच्या बायकोच्या नावासकट. पण मेतोदीचा भाऊ अनास्तास, घरचा तासे, तिच्यात एकदाच होता, एकसष्ट सालच्या फेब्रुवारीत. तासेला राजधानीत राहायची परवानगी नव्हती. एक रात्र चालत असे, त्याहून जास्त नाही. तो आला, जेवला, मेतोदीच्या पलंगाशेजारी जमिनीवर हातपाय पसरून झोपला, आणि चौथ्या सकाळी गेला. पंधरवड्यात त्याला स्टेशनवर धरले. सक्तमजुरीच्या दगडखाणीवरून तो दोन वर्षांनी परत आला तेव्हा तो जिना चढताना प्रत्येक मजल्यावर बसत होता. तो फार जगला नाही. ग्रोझ्दानने लिहिले, असे जिना म्हणाला, आणि मेतोदीने ते तेहेतीस वर्षे खोडून काढले नाही.

आता खुर्चीवर बसून त्याने खिशातला कागद काढला, उलटा केला. ग्रोझ्दानचा डोळा त्याच्याकडे पाहत होता. खळीने थोडा फुगलेला, ओला वाटणारा. असाच तो तेव्हाही समोर होता, कानामागे पेन्सिल, काखेत वही. “सही करा, त्सेकोव, नियम आहे,” म्हणाला होता. मेतोदीने वही घेतली आणि सवयीने, बोट ओळीखाली धरून वाचली. अनास्तास त्सेकोव, पाहुणा, भाऊ, एक रात्र. आणि तो म्हणाला, “इथं चूक झालीये. तीन रात्री.” ग्रोझ्दानने त्याच्याकडे पाहिले. किती वेळ पाहिले? मेतोदीला आयुष्यात एवढी एकच गोष्ट मोजता आली नव्हती. “तीन?” ग्रोझ्दान म्हणाला. “तीन,” मेतोदी म्हणाला. ग्रोझ्दानने एक खोडून तीन लिहिले, मेतोदीने खाली सही केली, आणि वही मिटली. ग्रोझ्दानने ते ‘एक’ चुकून लिहिले होते की जाणूनबुजून? की सापळा होता, उद्या तपासणी झाली तर मेतोदी खोटा पडावा म्हणून? आणि मेतोदीने स्वतः भीतीने दुरुस्ती केली, की फक्त चूक पाहवली नाही म्हणून केली? विचारता आले असते. मधे एकच मजला होता. तेहेतीस वर्षे खालून ग्रोझ्दानचा खोकला ऐकू येत होता, आणि प्रत्येक खोकल्याला मेतोदी मनात म्हणे, खोक, अजून खोक. अशा माणसासाठी चार ओळी लिहायच्या म्हणजे बसून विचार करावा लागला असता. रिबन संपली, हेच बरे होते.

गुरुवारी पाच वाजता माळ्यावर सात घरांची माणसे आपापल्या खुर्च्या घेऊन बसली. दोऱ्यांवर कोणाच्या तरी चादरी वाळत होत्या. बोलायचे तर चादर बाजूला करून बोलावे लागे. झाप्रियान स्वयंपाकघरातले स्टूल घेऊन आला होता. “काका, तुम्ही अध्यक्ष. अध्यक्षाला तरी पाठ टेकायची खुर्ची हवी,” असे म्हणून त्याने मेतोदीला मधोमध बसवले.

“अध्यक्ष कशाचा? साताचा?” कापकाबाई म्हणाल्या. “सातावर वकील आपल्याला सरबतसुद्धा विचारणार नाही.”

“नेवेनाबाई येणार नाहीत,” मेतोदी म्हणाला.

“येतील कशाला? नवऱ्याचा डोळा परत न्यायला?” झाप्रियान म्हणाला, आणि दोघे-तिघे हसले. ते हसणे मेतोदीला आवडले नाही, आणि त्यात आपण ओठ हलवला तेही त्याला आवडले नाही.

तेवढ्यात जिन्यावर लाकूड घासत आल्याचा आवाज झाला. नेवेनाबाई खुर्ची एकेक पायरी ओढत आणत होत्या. कोणी उठले नाही. त्यांनी ती दारातच टेकवली, बसल्या, दम घेतला. अंगावर काळा झगा, हातांना अजून मिरच्यांचा तांबूस रंग.

“सही करीन मी,” त्या म्हणाल्या. “मलाही जायला जागा नाही. पण आधी माझं द्या.”

“काय द्यायचं, नेवेनाताई?” कापकाबाई म्हणाल्या. ताई हा शब्द त्यांच्या तोंडात नवा होता आणि सगळ्यांना ऐकू आला.

“शेजाऱ्यांचा कागद. सहा महिने मी त्या दारातून जाते-येते. सगळ्यांचा लागला. त्या कोळसेवाल्याचाही लागला. ग्रोझ्दान काय या इमारतीत राहत नव्हता?”

“बाई, तुमच्या नवऱ्यानं—” झाप्रियानने सुरुवात केली.

“तुझ्या बापाला दारू पिऊन जिन्यात पडलेला कोण उचलून आणायचं, ते तुझ्या आईला विचार. नाही, विचारू नकोस, तिचाही कागद लागलाय. सुंदर होता. त्सेकोवनी लिहिला होता.” त्या मेतोदीकडे वळल्या. “आधी कागद, मग सही. उद्या शुक्रवार आहे, मला काय.”

सगळ्यांनी मेतोदीकडे पाहिले. त्या सात घरांच्या नजरेत एवढेच होते की याने लवकर काय ते करावे. तासे माझा भाऊ आहे, असे त्याला म्हणायचे होते, पण हे वाक्य वर्तमानकाळात का आले ते त्याला कळेना. तो उठला. “खाली चला,” तो म्हणाला.

त्याच्या खोलीत नेवेनाबाई बसल्या नाहीत. छतापर्यंत गेलेली पुस्तके त्यांनी एकदा पाहिली, आणि खालून इतकी वर्षे ज्या जमिनीवरची पावले ऐकली, त्या जमिनीकडे पाहिले. त्याने कागद चढवला. रिबन सरकवून पाहिली. नवी, काळीभोर होती. काय लिहायचे असते? इतके कागद लिहिले त्यांतला एकही शब्द त्याला आठवेना. प्रेमळ, नाही. सरळ, नाही. त्याची बोटे कळांवर नुसती टेकून राहिली.

“एक रात्र लिहिली होती त्यानं,” नेवेनाबाई त्याच्या पाठीमागून म्हणाल्या.

मेतोदीने वळून पाहिले नाही.

“घरी आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. म्हणाला, त्या वरच्या गाढवाला मी एक लिहून दिली, तर त्यानं दुरुस्त करून घेतली. मी म्हटलं, मग तू का खोडलीस? तर म्हणाला, त्यानं तीन म्हटलं तेव्हा मी घाबरलो. हाच मला अडकवतोय की काय, असं वाटलं. लोकांना सांगू का म्हणून विचारलं मी त्याला एकदा. नको म्हणाला. तुम्हाला त्याच्यावरचा राग तरी राहू दे म्हणाला.”

खालून अंगणातून मिरच्या भाजल्याचा वास येत होता. मेतोदीला वाटले, आता काही तरी आत तुटेल, निदान रडू येईल. काहीच झाले नाही. उलट त्याला राग आला, ताजा, कोवळा राग. त्या माणसाने मेल्यावरही, उदारपणे, वरच्या मजल्यावर येऊन बसावे याचा. राहू दे म्हणाला! आणि या बाईने ते तेहेतीस वर्षे पदरात बांधून ठेवले आणि आज सहीच्या बदल्यात सोडले. मुद्दाम. त्याने टकटक सुरू केली, जोराने, अक्षरे कागदात रुततील अशी.

‘आमचे शेजारी ग्रोझ्दान बेल्चेव यांना जाऊन सहा महिने झाले. ते या घरात अडतीस वर्षे राहिले. ते सगळ्यांना ओळखत होते. देव त्यांना क्षमा करो. — शेजारी.’

त्याने कागद काढून त्यांच्यापुढे धरला. नेवेनाबाईंनी चष्मा नसल्याने हात लांब करून वाचला. ‘ते सगळ्यांना ओळखत होते’ या ओळीवर त्यांची नजर थांबली. मग त्यांनी तांबूस बोट दुसऱ्या ओळीखाली ठेवले.

“इथं चूक झालीये,” त्या म्हणाल्या. “चाळीस वर्षं.”

बेल्चेव नवराबायको पंचावन्नच्या नोव्हेंबरात या इमारतीत आले. मेतोदीला ते लख्ख आठवत होते. त्यांची शेगडी जिन्यात अडकली होती आणि ती वर न्यायला त्याने हात लावला होता. पंचावन्नचा नोव्हेंबर ते चौऱ्याण्णवचा मार्च. अडतीस वर्षे आणि चार महिने. नेवेनाबाईंनाही ते ठाऊक होते, शेगडी त्यांचीच होती. त्या त्याच्याकडे पाहत होत्या. किती वेळ पाहत होत्या?

“चाळीस?” मेतोदी म्हणाला.

“चाळीस.”

त्याने नवा कागद चढवला.

खळ कापकाबाईंनी ढवळून दिली. संघाची आठही घरे दाराशी उभी होती, आणि सह्यांच्या कागदावर नेवेनाबाईंची सही अजून ओली होती. आपापल्या खुर्च्या लोकांनी जिन्यातच ठेवल्या होत्या, त्यामुळे वरून येणाऱ्याला अंग आडवे करून यावे लागत होते. वकिलाच्या खिशातला एक भाडेकरू तसा आडवा होऊन आला, दाराकडे पाहून बाहेर गेला. मेतोदीने एका डोळ्याच्या ग्रोझ्दानशेजारी कागद टेकवला आणि तळहाताने मधून कडेकडे दाबत नेला, जसा दाबायचा असतो तसा. नेवेनाबाई दोन पावले मागे उभ्या राहून पाहत होत्या. तोंडावर काही नव्हते.

“चाळीस?” झाप्रियान खांद्यावरून वाकून वाचत म्हणाला. “काका, ही मंडळी पंचावन्नला आली ना? मी त्याच साली जन्मलो, आई सांगायची. म्हणजे होतात अड—”

“चाळीस,” मेतोदी म्हणाला आणि वर आलेला कोपरा अंगठ्याने दाबून धरला, खळ सुकेपर्यंत.